विवरात उतरलात, पण कुणाला सांगून?

उभे राहा. बसायचं केव्हा ते मी सांगेन.

परवा शनिवारी तुम्ही पाच जण लोणारच्या विवरात उतरलात. घरी सांगितलं, मेहकरला मित्राकडे अभ्यासाला जातोय. रात्री साडेनऊला तुमच्यातल्या एकाची आई माझ्या दारात आली. तिच्या पायात चप्पल नव्हती. पोराचा फोन लागत नाही, मेहकरच्या मित्राला काही माहीत नाही आणि बाप शेतातून सरळ पोलीस ठाण्यात गेलाय, एवढं तिने मला सांगितलं. त्या बाईला काय उत्तर द्यायचं, ते मला तुमच्यापैकी एकाने आत्ता सांगावं.

“सर, ट्रेक होता.” हे उत्तर मी ऐकलं. ट्रेकला जाणारा माणूस कुठून उतरणार, कुठून चढणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघतो. पाणी मोजून घेतो. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने बाकीचे चालतात. यातलं तुम्ही काय केलंत? मार्चच्या उन्हात पाच जणांत दोन बाटल्या! का, तर खाली तळं आहे. अरे, अकरावी सायन्सची पोरं ना तुम्ही? त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. खारट आणि क्षारयुक्त पाणी ते. एके काळी त्या तळ्यातून खार काढत. तहान लागली म्हणून ते पाणी पिणार होतात?

आणि किल्ला चढलो तसंच हे, असं समजलात. किल्ल्यावर माणूस ताजा असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. विवरात उलटं आहे. उतरताना पाय आपोआप चालतात, आणि शंभर-सव्वाशे मीटरचा चढ शेवटी, पाणी संपल्यावर आणि अंधार पडताना वाट्याला येतो. खोलगट जागेत वारा लागत नाही, काळा बेसॉल्ट दिवसभर तापतो, आणि वर गावात उजेड असतो तेव्हा खाली सावली पडलेली असते. हे कळायला पुस्तक लागत नाही. काठावर पाच मिनिटं उभं राहून खाली बघितलं तरी कळतं. तुम्ही काठावर उभे राहिलात ते फोटोसाठी.

विवरातून उचललेला तो दगड काढ पिशवीतून. ठेव इथे टेबलावर.

“एकच तर दगड आहे, सर.” बरं, मग ऐका. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं विद्वान भांडत राहिले. कुणी म्हणे, ज्वालामुखीचं तोंड आहे. कुणी म्हणे, जमीन खचलीय. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शोधनिबंध आला आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. ती कशाच्या जोरावर? इथल्या दगडांच्या. प्रचंड धक्क्याने ज्यातल्या खनिजांची काच झाली, त्या मॅस्केलिनाइट असलेल्या तुकड्यांच्या. तसा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. वयाचा प्रश्न तर अजून गाजतो आहे. एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतात, आर्गॉनच्या पद्धतीने पाच लाख सत्तर हजार. दहापटीहून जास्त फरक! तो मिटवायचा तर दगड कुठे पडला होता, कोणत्या थरात होता, त्याच्या वर-खाली काय होतं, हे माहीत असावं लागतं. तुझ्या घरच्या शोकेसमध्ये पोचल्यावर त्या दगडाला हे काहीच सांगता येणार नाही. तू दगड उचलला नाहीस, एका साक्षीदाराची जीभ कापलीस. बेसॉल्टमध्ये उल्केने केलेलं इतकं शाबूत विवर पृथ्वीवर दुसरं नाही. मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ समुद्र ओलांडून इथे येतात. तुम्ही एस.टी.ने तासाभरात पोचता, आणि खिसे भरून परतता.

कमळजा देवीचं दर्शन घेतलंत म्हणे. चांगलं केलंत. मग त्याच देवळामागे काटक्या गोळा करून मॅगी शिजवलीत, भांडी साबण लावून तळ्यात विसळलीत आणि पाकिटं तिथेच टाकलीत. नवरात्रात अख्खा मुलूख त्या देवीला जातो. तुमची आजीही गेली असेल. तिने तिथे चूल मांडली होती का, जाऊन विचारा.

२००० साली ही जागा अभयारण्य झाली. अभयारण्याला धोका होईल असा जाळ करणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मार्चमध्ये सागाची पानं पायाखाली कुरकुरतात. एक ठिणगी उडाली असती तर कडेवरचं गवत पेटायला किती वेळ लागला असता? २०२० मध्ये हे तळं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? लहान होतात, बापाबरोबर बघायला गेला असाल. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं, हा मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव ते. हजारो वर्षं त्या खारात जगत आलेत. त्यांच्या घरात तुम्ही भांड्यांचा साबण ओतलात. आणि संध्याकाळी, मोर झाडावर बसायच्या वेळेला, स्पीकर लावलात.

हे सगळं मी एक वेळ वयावर घालेन. पुढचं घालणार नाही.

मित्राचा पाय मुरगळला. घोट्याला सूज आली, त्याला चालवेना. तुम्ही चौघं त्याला अंधारात तळ्याकाठी एकटं सोडून वर आलात. मदत आणायला, असं म्हणता. वर आल्यावर चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलात. का? घरी कळेल म्हणून! तुमची लबाडी उघडी पडू नये म्हणून एक पोरगा पाण्याविना, उजेडाविना खाली बसून होता. त्याला शोधायला वनरक्षक आणि गावातली दोन माणसं बॅटरी घेऊन उतरली. ती तुमची कुणी लागत नव्हती.

लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची माणसं पदराला खार लावून, रात्री-अपरात्री, परक्यांसाठी दऱ्यांत उतरतात. तुम्हाला तुमच्या बाकावर बसणाऱ्यासाठी दोघांनी थांबावं एवढंही सुचलं नाही? दोघांनी थांबायचं, दोघांनी वर जायचं, वर येताच पहिल्या माणसाला हाक मारायची. चौघांना एवढी वाटणी येत नसेल तर परीक्षेतले तुमचे नव्वद टक्के मला नकोत.

रडू नका. रडण्याने त्याचा घोटा बरा होत नाही.

आज शाळा सुटल्यावर चौघांनी त्याच्या घरी जायचं. त्याच्या आईसमोर उभं राहून, काय घडलं ते क्रमाने, एकही गोष्ट न गाळता सांगायचं. ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. उद्या सकाळी हा दगड घेऊन माझ्याबरोबर वनविभागाच्या कार्यालयात यायचं. कुठून उचलला ती जागा दाखवायची आणि जाळ केल्याचंही स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. दंड झाला तर तो बापाच्या खिशातून जाणार नाही. सुट्टीत काम करून फेडायचा.

पावसाळा संपला की मी तुम्हाला पुन्हा विवरात नेणार आहे. वनविभागाला विचारून, पालकांच्या सह्या घेऊन, प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं स्वतःचं पाणी देऊन. ज्याचा पाय आज सुजलाय तो सगळ्यांत पुढे चालेल, आणि तुम्ही चौघं त्याच्या मागे. हे ज्याला मान्य नसेल त्याने आत्ताच सांगावं.

बसा आता.