चुलीचा सहृदय

कलाकृतीच्या निर्मितीत प्रतिभेला जे स्थान दिले जाते ते वापराच्या वस्तूच्या निर्मितीतही द्यावे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत फारसा चर्चिला गेलेला नाही. मर्ढेकरांपासून सौंदर्यविचाराचा मुख्य रोख कलाकृतीच्या स्वायत्ततेकडे राहिला. जी वस्तू कशासाठी तरी आहे तिचे सौंदर्य परायत्त ठरले आणि चर्चेच्या कडेला गेले. त्या कडेवर मात्र एक जुना वाद नव्या भाषेत चालू आहे. वस्तुरचनेच्या, म्हणजे सर्वत्र डिझाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात एका पक्षाचे म्हणणे असे की, नवे काय असावे हे वापरणाऱ्यांना आधी सांगता येत नाही. ते रचनाकाराच्या अंतःप्रेरणेलाच दिसते. दुसऱ्या पक्षाच्या मते वस्तू वापरणाऱ्याच्या हाती देऊन, निरीक्षण करून, त्याला विचारून पाहिल्याशिवाय रचनाकाराची अंतःप्रेरणा ही निव्वळ आत्मप्रौढी होय. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत पहिला पक्ष कर्त्याच्या हेतूला प्रमाण मानतो, तर दुसरा आस्वादकावरील परिणामाला. विम्सट आणि बियर्ड्स्ली यांनी १९४६ आणि १९४९ च्या आपल्या दोन निबंधांत हे दोन्ही मार्ग तर्कदोष म्हणून बाजूला सारले होते. कवितेच्या बाबतीत असे करणे परवडते. कवितेचे चुकीचे वाचन झाल्याने कोणाच्या डोळ्यांत धूर जात नाही.

चुलीच्या बाबतीत जातो. म्हणूनच हा प्रश्न चुलीच्या संदर्भात तपासणे योग्य ठरेल.

सुधारित चुलीचा महाराष्ट्रातील इतिहास वर्ध्याच्या मगनवाडीपासून सांगता येतो. तेथील ग्रामोद्योगाच्या कार्यातून गेल्या शतकाच्या चाळिशीत 'मगन चूल' पुढे आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये आवरता घेईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. या चुलींमागे सद्भाव नव्हता असे कोणी म्हणणार नाही. विज्ञानही होते. प्रयोगशाळेत त्यांची कसोटी घेतली जाई ती प्रामुख्याने पाणी उकळून: ठरावीक वजनाचे लाकूड जाळून किती पाणी किती तापले, यावरून चुलीची कार्यक्षमता ठरे. ही कसोटी शास्त्रशुद्ध आहे, कारण पाणी सर्वत्र सारखेच तापते. आणि नेमका हाच तिचा दोष आहे. इझरने ज्याला अभिप्रेत वाचक म्हटले, जो संहितेतच गृहीत धरलेला असतो आणि संहितेला हवा तसा प्रतिसाद देतो, तसे हे पाणी म्हणजे चुलीचा अभिप्रेत वाचक आहे. ते कधी तक्रार करीत नाही, त्याला घाई नसते, त्याला भाकरी भाजायची नसते.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या भोर आणि वेल्हे (राजगड हे या तालुक्याचे नवे नाव) या मावळी मुलखात मात्र चुलीसमोर भाकरी असते. तांदळाची, उतारावरच्या शेतांतल्या नाचणीची. ती तव्यावर अर्धी होते आणि उरलेली चुलीच्या तोंडाशी, ओढून घेतलेल्या निखाऱ्यांवर, उभी धरून फुगवली जाते. म्हणजे चुलीचे तोंड हे केवळ इंधन सारण्याचे द्वार नसून भाजण्याची दुसरी जागा आहे. उष्णता वाया जाऊ नये म्हणून ते तोंड अरुंद केले की कार्यक्षमतेचा आकडा वाढतो आणि भाकरी कच्ची राहते. रानातून आणलेली लांब फांदी जुन्या चुलीत पुढे पुढे सारता येते. अरुंद तोंडासाठी ती तोडून बारीक करावी लागते. ते काम कोण करणार, हे पाण्याच्या कसोटीत मोजले जात नाही. शिवाय येथे पावसाळ्याचे चार महिने सर्व काही ओले असते. चुलीवरच्या माळ्यावर लाकूड वाळते, बियाणे राखले जाते, धुराने छपराच्या वाशांना कीड लागत नाही. धुराड्यावाटे धूर घराबाहेर काढणाऱ्या रचनाकाराने धुराचे हे दुसरे काम पाहिलेले नसते. त्याच्या दृष्टीने धूर म्हणजे केवळ दोष. घराच्या दृष्टीने तो शत्रूही आहे आणि चाकरही.

येथे अंतःप्रेरणेच्या पक्षाचा एक गंभीर दोष दिसतो, आणि तो अज्ञानाचा नाही. अंतःप्रेरणा बहुधा करुणेतून जन्मते. पावसात स्कूटरवरून भिजत जाणारे चार जणांचे कुटुंब पाहून स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत असत. २००८ मध्ये जाहीर झालेली आणि मुख्यतः पुण्यात आकाराला आलेली 'नॅनो' हे त्या दर्शनाचे फळ होते. ते दर्शन खोटे नव्हते. परंतु रस्त्यावरून पाहणाऱ्याला ज्या कुटुंबाचा धोका दिसला, ते कुटुंब कदाचित पायी चालण्यातून स्कूटरपर्यंत पोचल्याच्या अभिमानात असेल. त्याला पुढची पायरी हवी होती, ती 'सर्वांत स्वस्त' या शिक्क्यासह नको होती. हा शिक्का चुकला, हे पुढे स्वतः टाटांनीही मान्य केले. करुणा दुसऱ्याचे दुःख पाहते, पण त्याचा मान पाहीलच असे नाही. धूररहित चुलीच्या प्रवर्तकांनाही डोळे पुसणारी स्त्री दिसली. आपल्या चुलीवर कोणता पदार्थ कसा उतरतो याचा निवाडा करणारी स्त्री दिसली नाही.

मग तिला विचारावे. दुसरा पक्ष हेच सांगतो, आणि वरवर पाहता त्याचे म्हणणे अधिक लोकशाहीवादी आहे. पण विचारणे ही सोपी गोष्ट नव्हे. दारात आलेल्या पाहुण्याने, त्यातही सरकारी किंवा संस्थेच्या गाडीतून आलेल्या पाहुण्याने, 'ही नवी चूल कशी आहे?' असे विचारले तर मावळातल्या कोणत्या घरातून 'वाईट आहे' असे उत्तर येईल? उत्तर येते 'चांगली आहे', आणि पाठोपाठ चहा येतो. ते उत्तर चुलीविषयीचे नसते, पाहुण्याविषयीचे असते. ज्यांच्याकडून अनुदान येते त्यांनीच घेतलेली कसोटी ही कसोटी कोणाची असते, हे निराळे सांगायला नको.

कसोटी अधिक काळजीपूर्वक घेतली तरी अडचण संपत नाही. २००८ मध्ये गोदरेजने उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे सहाशेहून अधिक ग्रामीण स्त्रियांना एकत्र करून 'छोटूकूल' या लहानशा शीतपेटीच्या रचनेत सहभागी करून घेतले. कंप्रेसरविना चालणारी, वरून उघडणारी, बॅटरीवरही चालू शकणारी, उचलून नेता येणारी ती पेटी होती. तिच्या रंगापर्यंतची निवड त्या स्त्रियांच्या पसंतीने झाली. हा प्रयत्न उथळ नव्हता आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. तरीही ज्या खेड्यांसाठी ती पेटी होती तेथे ती अपेक्षेइतकी रुजली नाही. तिला गिऱ्हाईक मिळाले ते पुष्कळसे शहरांत. याचा अर्थ स्त्रियांनी चुकीची उत्तरे दिली असा नव्हे. शीतपेटी कशी असावी, हे त्यांना विचारले गेले. मर्यादित पैशांत घरात आधी काय यावे, हा प्रश्न त्या सभेच्या कक्षेत येणेच शक्य नव्हते. वापराची कसोटी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. प्रश्न मात्र कोणाच्या तरी अंतःप्रेरणेतून आलेला असतो, आणि अंतःप्रेरणेला हाकलून लावल्याचा दावा करणाऱ्या पक्षातही ती मागच्या दाराने आत येऊन बसलेली असते.

भारतीय काव्यशास्त्रात या पेचाची जाण अधिक सूक्ष्म होती. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले. पहिली कवीची, दुसरी भावकाची. भावक हा निष्क्रिय ग्राहक नव्हे. त्याच्याकडे प्रतिभाच असते, केवळ आवडनिवड नव्हे, हा या विभागणीचा खरा आशय आहे. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय तर प्रयोगाच्या सिद्धीला, म्हणजे आजच्या भाषेत कसोटीला, वाहिलेला आहे. भरताने तेथे प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे दोन स्तर मानले आहेत. स्मित, हास्य, साधुवाद, रोमांच, वस्त्रे-अंगठ्या उधळणे ही मानुषी सिद्धी. जेथे आवाज नाही, क्षोभ नाही, प्रेक्षागृह भरलेले आहे, ती दैवी. आणि वाद उत्पन्न झाल्यास निवाडा करणारे प्राश्निक कोण असावेत? यज्ञाच्या बाबतीत याज्ञिक, शस्त्राच्या बाबतीत धनुर्धर, कामोपचाराच्या बाबतीत गणिका. ज्याचे आयुष्य त्या कर्मात गेले आहे, तोच त्या कर्माच्या प्रतिमेचा परीक्षक. यात जन्माची वा विद्वत्तेची प्रतिष्ठा गौण ठरते; गणिकेचा अधिकार राजालाही उसना घेता येत नाही.

या दृष्टीने पाहता 'चांगली आहे' हा पाहुण्याला दिलेला होकार म्हणजे फार तर मानुषी सिद्धी. उपयुक्त वस्तूची दैवी सिद्धी तिच्याविषयी कोणी बोलत नाही यात असते. पण भरतापुढे नसलेली एक अडचण येथे आहे. रंगमंडपातील शांतता आणि ओस पडलेल्या मंडपातील शांतता यांत फरक करता येतो, कारण प्रेक्षक समोर दिसतात. चुलीविषयीची शांतता मात्र दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, धुराडे असलेल्या सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. पुढील वर्षांत तो लाभ नाहीसा झाला, कारण चुली अनियमितपणे वापरल्या गेल्या, त्यांची देखभाल झाली नाही. पहिल्या वर्षीच कसोटी थांबवली असती तर यशाचा अहवाल लिहिला गेला असता, आणि तो खोटाही ठरला नसता.

काळाची ही कसोटीच शेवटी प्रमाण मानावी, असा एक तिसरा पक्ष संभवतो, आणि मावळात त्याला फार सुंदर उदाहरण मिळते. भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घ्यायचे इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन, वाकलेल्या पाठीच्या नेमक्या आकाराचे. उभ्याने चालणाऱ्यासाठी छत्री. कमरेत वाकून दोन्ही हातांनी रोप लावणारीसाठी इरले. त्याचा रचनाकार कोणी नाही, त्याची चाचणीही कोणी घेतली नाही, किंवा प्रत्येक आषाढाने घेतली. अंतःप्रेरणा आणि कसोटी यांची येथे फारकतच झालेली नाही.

परंपरेच्या या गौरवात रमणे सोपे आहे आणि अनेक जण त्यात रमलेही आहेत. पण ज्या परंपरेने इरले घडवले तिनेच धुराची चूलही शतकानुशतके उत्तीर्ण केली. त्याच घरात, त्याच हातांसाठी. असे का व्हावे? इरल्याचा दोष पाठीवर पडतो आणि लावणी थांबते. लावणी थांबली तर साऱ्या घराचे नुकसान होते. चुलीचा दोष एकीच्याच डोळ्यांत जातो आणि स्वयंपाक थांबत नाही. परंपरेची कसोटी प्रदीर्घ असली तरी तिच्यातही प्राश्निक नेमलेले असतात, आणि चुलीपुढे बसणारी त्यांत नव्हती. म्हणजे काळही तटस्थ परीक्षक नव्हे. घरात ज्याच्या बोलण्याला वजन असते त्याचाच निकाल काळ नोंदवून ठेवतो. गॅसची शेगडी आल्यानंतरही अनेक घरांत चूल पेटतीच राहते, आंघोळीचे पाणी आणि भाकरी तिच्यावरच होते, यात चवीचा वाटा किती आणि सिलिंडरचे पैसे कोणाच्या हातात असतात याचा किती, हे कोणत्याही एका भेटीत कळणारे नाही.

तेव्हा प्रश्न अंतःप्रेरणा की कसोटी असा उरत नाही. ज्याच्यासाठी वस्तू केली जाते त्याला वस्तू नाकारण्याचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न बदलण्याचा अधिकार आहे की नाही, असा तो होतो. हा अधिकार नसेल तर अंतःप्रेरणा हे अतिक्रमण ठरते आणि कसोटी हा त्यावरचा संमतीचा शिक्का. असेल, तर रचनाकाराला भावकाच्या जागी बसावे लागते आणि आपल्याच कृतीचे दुसऱ्याने केलेले वाचन समजून घ्यावे लागते.

असे वाचन प्रत्यक्षात सतत चालूच असते. ते वाचता येत नाही, इतकेच. सुधारित चुलींच्या पाहणीत वारंवार एक गोष्ट आढळत आली: बायकांनी चुलीचे तोंड खरवडून मोठे केलेले असते. कार्यक्रमाच्या कागदपत्रांत अशा चुलीची नोंद बिघडलेली चूल म्हणून होते. ग्रंथसंपादनाच्या शिस्तीत वाढलेला अभ्यासक याला बिघाड म्हणणार नाही, पाठभेद म्हणेल, आणि पाठभेद टाकून देण्याआधी तो कोणत्या हाताने, कोणत्या गरजेपोटी केला याचा शोध घेईल. इरल्यातही असा पाठभेद झाला आहे. सांगाडा कामट्यांचाच राहिला, पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला. तो कोणी सुचवला नाही, कोणी तपासला नाही. पाने गोळा करून विणत बसण्याचे काम त्यामुळे वाचले, आणि पाठीचा आकार मात्र तसाच ठेवला गेला.