एक की वीस?

“काका, सामान्य माणसासाठी किरणोत्साराची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. फुकुशिमात अणुअपघातानंतर मात्र सरकार म्हणालं, २० पर्यंत घरी परता. मग शास्त्र नेमकं सांगतं काय?”

“उतार सांगतं. कुठं थांबायचं ते नाही सांगत.” काकांची हयात अणुकेंद्रात गेली. बोलताना हात अजून शर्टाच्या खिशाकडे जातो, तिथं डोस मोजणारा बॅज असायचा. “हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची दशकानुदशकं नोंद ठेवली. १०० च्या वर कर्करोग वाढलेला स्पष्ट दिसतो. त्याखाली तीच रेघ शून्यापर्यंत ओढलीय, सावधगिरी म्हणून. तिच्या हिशेबानं एका वर्षाचे २० म्हणजे हजारात एक जादा मृत्यू. जपानमध्ये एरवीच साधारण चारातला एक कर्करोगानं जातो. त्यात हा एक दिसणारच नाही.”

“दिसला नाही म्हणून तो मेला नाही का?”

काका थोडा वेळ गप्प राहिले. “मेला असेल. पण घरं सोडावी लागली, उपचार तुटले, छावण्यांत हाल झाले, त्यात गेलेल्यांचं काय? आपत्तीशी संबंधित मृत्यू म्हणून सरकारनंच २,३०० हून अधिक मोजलेत.”

“ते घाईनं हलवल्यामुळे गेले, मर्यादेमुळे नाही.”

“अगं, १ चा हट्ट धरला की परतणं वर्षानुवर्षं लांबतं. म्हातारं माणूस मुळासकट उपटलं की रुजत नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

“पण तुम्हाला पगार होता, बॅज होता, तपासणी होती,” मी म्हटलं. “मैदानावरच्या पोराकडे काय होतं? एप्रिल २०११ मध्ये शाळांना २० लावला, तेव्हा सरकारचे सल्लागार तोशिसो कोसाको यांनी रडत राजीनामा दिला. त्यांना ही रेघ कळत नव्हती?”

“कळत होती. माझ्या नातवाला मीही तिथं खेळू दिलं नसतं,” काका म्हणाले. “पण आईला घरी परत नेलं असतं.”

म्हणजे एकाच घरात दोन आकडे, आणि ते ठरवायला त्या घरालाच विचारायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

दूरच्या पल्ल्यासाठी १ चं उद्दिष्ट सरकारनं ठेवलंच. त्यापायी शेतांतली वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. पिढ्यांनी खत घालून कसदार केलेली, तीच. ओकुमा आणि फुताबा या गावांत अशी सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती साठवली आहे. मार्च २०४५ पर्यंत ती फुकुशिमाबाहेर न्यायची, असा कायदा आहे.