आत आमचे पप्पा आहेत का?



आजारी माणसाला पवित्र तेलाचा अभ्यंग करण्यासाठी धर्मगुरू आय.सी.यू.त जातो, तेव्हा बाहेर बाकावर बसलेले नातलग त्याला अनेक प्रश्न विचारतात. त्यांतला एक प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो: "फादर, हृदय पुन्हा सुरू झालं. पण आत आमचे पप्पा आहेत का?"

हा प्रश्न का पडतो ते आधी पाहू. हृदय बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. छातीवर दाब देऊन, शॉक देऊन हृदय चालू करता येते. मेंदूची हानी तशी भरून काढता येत नाही. मग काही रुग्णांत एक-दोन दिवसांत हातपाय, चेहरा झटके देऊ लागतो. घरच्यांना कधी वाटते, शुद्धीवर येताहेत. कधी वाटते, फार हाल होताहेत. नुसत्या झटक्यांवरून यांतले काहीच ठरत नाही. काही झटके आकडीचे असतात, काही नसतात. काही वेळा शरीर स्थिर असते आणि आकडी मेंदूतच चालू असते, ती ई.ई.जी.तच दिसते. पहिल्या दिवसापासून न थांबणारे झटके अनेकदा गंभीर इजेचे लक्षण ठरतात. पण १९६३ साली लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी वेगळे रुग्णही नोंदवले: ते शुद्धीवर आले होते, मात्र काही करायला हात हलवला की झटके येत. म्हणूनच पुढचे भाकीत करण्यापूर्वी निदान ७२ तास थांबावे आणि एकाच तपासणीवर विसंबू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२-१७०४) याच्या मते व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेत आणि स्मृतीत असते. हे आपल्याला चटकन पटते, कारण आपण माणसाला त्याच्या बोलण्या-हसण्यावरूनच ओळखतो. पण हेच पूर्ण सत्य मानले, तर पप्पा हृदय थांबले त्याच दिवशी गेले. मग लेक ओल्या कापसाने ज्याचे ओठ पुसते, तो कोण?

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनास वेगळी वाट दाखवतात. आत्मा शरीरात भाडेकरूसारखा राहत नाही; शरीराला जिवंत मानवी शरीर करणारे तत्त्व म्हणजे आत्मा. करिंथकरांस पहिल्या पत्रावर भाष्य करताना ते स्पष्ट म्हणतात की, माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे. हे खरे असेल, तर 'आत' पप्पांना शोधण्याची गरजच नाही. खाटेवरचा तो उबदार हात पप्पांचाच आहे. बोलण्याची, ओळखण्याची शक्ती हरवणे म्हणजे माणूस हरवणे नव्हे. नवजात बाळाला बोलता येत नाही, तरी आई त्याला नावाने हाक मारते.

पण 'पप्पा आहेत' याचा अर्थ 'पप्पा पूर्वीसारखे होतील' असा नाही. खोटी आशा देणे हे दयेचे काम नव्हे. 'आहेत' म्हणून प्रत्येक यंत्र लावलेच पाहिजे, असेही नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले की, साधारण उपचार करणे हे कर्तव्य आहे. असाधारण ओझे टाकणाऱ्या उपायांची सक्ती नाही. व्हेंटिलेटर थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून, शांतपणे घेतला, तर ती हत्या ठरत नाही. मात्र डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेतल्या रुग्णाबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली बजावले: तो माणूसच राहतो आणि त्याला अन्नपाणी, नळीने दिलेले असले तरी, तत्त्वतः मिळालेच पाहिजे.

आपल्या मुंबईत याचे उदाहरण घडले आहे. १९७३ साली के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. पिढ्या बदलल्या, नंतरच्या कित्येक जणींनी अरुणाताईंना कधी बोलताना ऐकलेही नव्हते. तरी त्यांच्यासाठी त्या 'आपल्या' होत्या.

पण प्रत्येक घरामागे परिचारिकांची फौज नसते. एकटी बायको रात्र रात्र जागते, औषधांची बिले भरते आणि मनात म्हणते, 'हृदय चालू केलंच नसतं तर बरं झालं असतं का?' असा विचार मनात येणे हे पाप नव्हे. तो थकव्याचा आवाज आहे. ज्या मुलाने छातीवर दाब दिला, त्यानेही अपराधी वाटून घेऊ नये. त्या क्षणी परिणाम कोणालाच ठाऊक नव्हता. त्याने वडिलांना वाचवायला हात पुढे केला, इतकेच खरे.

तेव्हा तुमच्या आळीत असे घर असेल, तर फक्त दारातून चौकशी करून परतू नका. एक रात्र रुग्णाजवळ बसा आणि त्या माउलीला झोपू द्या. खाटेजवळ उभे राहून 'आता यात काही राहिलं नाही' असे बोलू नका. त्यांना नावाने हाक मारा. उत्तर येणार नाही कदाचित. तरी हाक मारा.