चुंबकीय क्रम आणि अतिसंवाहकता

अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकत्र नांदू शकत नाहीत, हा समज अनेक वर्षे पक्का होता. त्याला आधारही होता. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ सालच्या सिद्धांतानुसार अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. चुंबकीय अणू या दोन स्पिनांवर वेगवेगळा परिणाम करतो आणि जोडी फुटते. १९७७ मध्ये अर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांच्या संयुगाने हे वैर ठळकपणे दाखवले. सुमारे ८.७ केल्विनला अतिसंवाहक झालेला हा पदार्थ १ केल्विनच्या जवळ लोहचुंबक बनताच अतिसंवाहकता गमावून बसला.

प्रतिलोहचुंबकाची गोष्ट वेगळी आहे. त्यात शेजारच्या अणूंचे स्पिन उलटसुलट असतात आणि थोड्याच अंतरात त्यांचा एकूण परिणाम शून्य होतो. इलेक्ट्रॉन-जोडीचा विस्तार त्या अंतराहून बराच मोठा असला, तर जोडी टिकू शकते. या विचाराला बळ देणारी संयुगे मुंबईतून पुढे आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यातून बोरोकार्बाइडांचे कुटुंब उलगडले. अर्बियमचे बोरोकार्बाइड ६ केल्विनच्या आसपास प्रतिलोहचुंबक होते, तरी त्याची अतिसंवाहकता टिकते. डिस्प्रोशियमच्या बोरोकार्बाइडात तर चुंबकीय क्रम १० केल्विनच्या सुमारास आधी येतो आणि अतिसंवाहकता नंतर, ६ केल्विनजवळ.

बोरोकार्बाइडांत चुंबकत्व मुख्यतः दुर्मीळ मृदा अणूंच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे, तर प्रवाह दुसऱ्या इलेक्ट्रॉनांचा असतो. बेडनोर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये शोधलेल्या कॉपर ऑक्साइडांत ही वाटणी नाही. तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलातले तेच इलेक्ट्रॉन मूळ संयुगात प्रतिलोहचुंबक घडवतात आणि काही इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर अतिसंवाहकही होतात. काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा सर्वत्र सारख्या न पसरता रांगा धरतील, असे झानेन आणि गुनारसन यांनी १९८९ मध्ये गणिताने सुचवले. १९९५ मध्ये ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन प्रकीर्णनातून अशा पट्ट्यांचा पुरावा दिला. त्यांत विद्युतभाराची रचना तांब्याच्या दर चार अणूंनंतर आणि स्पिनची आठ अणूंनंतर पुन्हा येते, कारण भाराची प्रत्येक रांग ओलांडताना स्पिनचा क्रम उलटतो.

पट्टे स्थिरावतात तिथे अतिसंवाहकता दबते. बेरियमयुक्त लँथॅनम कॉपर ऑक्साइडात तांब्याच्या दर आठ अणूंमागे एक जागा रिकामी असली, की संक्रमण-तापमान एकदम घसरते. २०१२ मध्ये क्ष-किरणांनी यिट्रियमयुक्त कॉपर ऑक्साइडातही भारक्रम दाखवला. तिथे स्पिनचे पट्टे सोबत नव्हते आणि संक्रमण-तापमानाखाली भारक्रम क्षीण होत होता. यावरून दोन्ही अवस्था एकाच इलेक्ट्रॉनांसाठी झगडतात, असे दिसते.

तरी केवळ स्पर्धेने सगळे उलगडत नाही. २००७ मध्ये त्याच बेरियमयुक्त संयुगात, पट्टे असतानाच, ४० केल्विनच्या आसपास प्रतलांच्या आत अतिसंवाहकतेच्या खुणा आढळल्या. दबली होती ती प्रतला-प्रतलांमधली जोडणी. म्हणून आता क्रम अतिसंवाहकतेचा वैरी की सोबती, एवढेच विचारून भागत नाही. तो क्रम कोणत्या इलेक्ट्रॉनांचा, किती अंतरापर्यंतचा आणि स्थिर की हलता, हे पाहावे लागते. पट्टे आणि जोड्या एकाच परस्परक्रियेतून जन्मतात का, यावर मात्र अजून एकमत नाही.