जिंकल्यानंतरची परीक्षा



आपली मुले हॅरी पॉटर आवडीने वाचतात. जे. के. रोलिंग यांचे हे सात भाग १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाले. जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली असे मत मांडले की जगभरच्या वीरकथांची वाट एकच असते: हाक येते, घर सुटते, मरणाशी गाठ पडते आणि वीर लोकांसाठी काही घेऊन परततो. हॅरीही याच वाटेने जातो. जिन्याखाली झोपणाऱ्या अनाथ मुलाला पत्र येते. शेवटी तो इतरांसाठी मरायला स्वतःहून जंगलात जातो.

पण जिंकल्यावर काय? सर्वांत बलाढ्य छडी हाती येते. हॅरी तिने आपली मोडकी छडी दुरुस्त करतो आणि तिचा मोह सोडतो. त्याचा शत्रूही आईविना वाढलेला, सामर्थ्यवान. फरक फक्त निवडीचा.

जादू काल्पनिक आहे, निवड खरी आहे. येशूने अरण्यात सत्तेचा मोह नाकारला. बाप्तिस्म्यात आपल्यालाही नावाने हाक मारली गेली. पद, पैसा, घरातला अधिकार हाती आल्यावर आपण त्याचे काय करतो? हॅरीने ती छडी का ठेवली नाही, हे आज जेवताना मुलांना विचारू या. आणि आपलेही उत्तर तयार ठेवू या.