इशारा कुठे अडला?

औषधाने झालेला अपाय आणि डॉक्टरच्या चुकीने झालेला अपाय या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी सर्वसामान्य बोलण्यात त्या एकच मानल्या जातात आणि दाद मागायला निघालेला रुग्णही बहुधा डॉक्टरवरच बोट ठेवतो. मधुमेहाच्या बाबतीत हा गोंधळ अधिक महागात पडतो, कारण येथे औषध आयुष्यभर घ्यायचे असते, अपाय अनेकदा वर्षानुवर्षे साचत जातो, आणि गोळी योग्य, मात्रा योग्य, डॉक्टर अनुभवी असूनही नुकसान होऊ शकते. अशा वेळी जबाबदारी कोणाची हे ठरवताना अखेर एकच प्रश्न निर्णायक ठरतो : त्या धोक्याची कल्पना कोणाला होती, आणि ती रुग्णापर्यंत येताना कोठे अडली?

डॉक्टरवर बोट ठेवण्याच्या सवयीला कायद्याच्या इतिहासाचेही पाठबळ आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट रत्नागिरी जिल्ह्यात पोचतो. मे १९५३ मध्ये गुहागर तालुक्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला उपचारासाठी पुण्याला नेण्यात आले आणि तेथे काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. हाड बसवताना पुरेशी भूल न देता अतिरिक्त बळ वापरले गेले, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. १९६८ मध्ये ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरच्या कर्तव्याची जी मांडणी केली (रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी दक्षता) ती आजही आधार म्हणून दिली जाते. मात्र ही मांडणी डॉक्टरच्या कृतीची आहे. गोळीच्या अंगभूत गुणधर्माने झालेला अपाय तिच्यात सहज बसत नाही.

तो किती कमी बसतो, हे २००९ च्या ‘मार्टिन डिसोझा विरुद्ध मोहम्मद इशफाक’ या खटल्यात दिसले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला मुंबईत अमिकासिन हे प्रतिजैविक देण्यात आले होते आणि त्याची श्रवणशक्ती गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, कारण संसर्ग जिवावर बेतलेला असताना ज्ञात धोका पत्करून औषध देणे हा निष्काळजीपणा नव्हे. तर्क म्हणून हे योग्यच आहे. परंतु तातडीच्या प्रतिजैविकाला लागू पडणारा हा तर्क वीस वर्षे चालणाऱ्या मधुमेहाच्या गोळीला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण येथे रुग्णाला विचारायला, सांगायला आणि पर्याय पुढे ठेवायला वेळ असतो. उपचाराचे धोके व पर्याय समजावून मगच संमती घ्यावी, हे तत्त्व ‘समीरा कोहली’ निवाड्याने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. तो निवाडा शस्त्रक्रियेचा होता, गोळीच्या चिठ्ठीचा नव्हता, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते.

मधुमेहाच्या औषधाचा भारतातील सर्वांत बोलका प्रसंग पायोग्लिटाझोनचा आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी असलेल्या संभाव्य संबंधामुळे फ्रान्सने २०११ मध्ये त्याचा वापर थांबवला. भारत सरकारने १८ जून २०१३ रोजी, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६अ खाली, त्यावर बंदी घातली आणि ३१ जुलै रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आतच, ती मागे घेतली. सोबत अट अशी होती की, माहितीपत्रकात आणि जाहिरात-साहित्यात चौकटीत ठळक इशारा छापावा : मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या वा पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये, ते पहिला पर्याय म्हणून वापरू नये, वृद्धांत जपून वापरावे. इशारा चांगला होता, पण तो वैद्यकीय व्यावसायिकांना उद्देशून होता. गोळी गिळणाऱ्या माणसाला त्यात कोठेही संबोधलेले नव्हते.

अमेरिकेत याच औषधावरून सुमारे ९,००० दावे उभे राहिले आणि तकेडा कंपनीने २०१५ मध्ये, दोष मान्य न करता, सुमारे २.४ अब्ज डॉलर देऊन ते मिटवण्याची तयारी दाखवली. तेथील वादाचा गाभा औषध वाईट होते हा नव्हता. कंपनीला धोका ठाऊक असूनही तिने पुरेसा इशारा दिला नाही, हा होता. भारतात असे सामूहिक दावे उभे राहिले नाहीत, याचे खापर नेहमी रुग्णांच्या उदासीनतेवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ‘उत्पादन दायित्व’ ही संकल्पना प्रथमच स्वतंत्र प्रकरणात आणली. उत्पादन दायित्व म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याची उत्पादकाची, विक्रेत्याची वा सेवा देणाऱ्याची जबाबदारी. आणि पुरेशा सूचना वा इशारा न देणे हाही कायद्याच्या दृष्टीने दोषच. येथवर वाचले तर मधुमेही रुग्णासाठी दार सताड उघडे आहे असे वाटते. पण कलम ८७ सांगते की, जी वस्तू कायद्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वा द्यायची असते, तिच्याबाबत उत्पादकाने त्या तज्ज्ञाला इशारा पोचवण्याचे वाजवी प्रयत्न केले असतील, तर इशाऱ्याच्या अभावावर आधारलेल्या दाव्यात तो जबाबदार राहत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चिठ्ठीवरच विकायच्या असतात, म्हणजे त्या नेमक्या याच वर्गात मोडतात. डॉक्टरला सांगितले की कंपनी सुटली, असा याचा व्यवहारातला अर्थ आहे. आणि रुग्णाला कळवण्याचे सारे ओझे त्या डॉक्टरवर येते, ज्याच्यासमोर सकाळच्या ओपीडीत पन्नास माणसे बसलेली असतात.

इशाऱ्याचा पुढचा टप्पा औषधाच्या दुकानाचा. रत्नागिरी, लांजा किंवा देवरुखच्या बाजारात पेन्शनीचे पैसे येईपर्यंत पुरतील एवढ्या पाच-सहा गोळ्या मागितल्या जातात आणि मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर बॅच क्रमांक वा मुदतीची तारीख राहतेच असे नाही. निवडक ३०० ब्रँडना २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड आणि कागदी माहितीपत्रक खोक्यासह दुकानातच राहते. बिल मागितले जात नाही आणि दिलेही जात नाही. चिठ्ठी असते, पण ती तीन वर्षांपूर्वीची. दावा दाखल करायची वेळ येते तेव्हा कोणती गोळी, कोणत्या कंपनीची, किती दिवस, हे सिद्ध करणारा कागदच हाती नसतो. उत्पादकाचा इशारा विकताना पुढे न पोचवणारा आणि त्यामुळे हानीस कारण ठरणारा विक्रेता स्वतः जबाबदार ठरू शकतो, असे कलम ८६ म्हणते. पण विक्री कोणी केली हेच दाखवता आले नाही, तर ते कलम कागदावरच राहते.

इशारा न मिळाल्याने काय होते, याचे ठळक उदाहरण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्यांचे आहे. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढणाऱ्या या गोळ्या घेऊन श्रावणी सोमवारचा कडक उपास केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि मूत्रपिंडे कमकुवत झालेल्या वृद्धात औषधाचा अंमल लांबल्याने ती पुन्हा पुन्हा उतरू शकते. ‘उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते विचारा’ हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहिलेले असणे किंवा नसणे, हा येथे आरोग्याइतकाच पुराव्याचाही प्रश्न आहे.

याहून अवघड गुंता मुदतीचा. ग्राहक आयोगाकडे तक्रार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशीर पुरेशा कारणाने माफ होऊ शकतो, पण त्याची हमी नसते. आता मेटफॉर्मिनचे पाहावे. हे जुने, स्वस्त आणि उपयुक्त औषध दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांत ब-१२ जीवनसत्त्व कमी करते, त्यातून तळपायांना बधिरपणा येतो, आणि तो मधुमेहाचाच परिणाम समजून वर्षानुवर्षे तसाच सोडला जातो. कारण घडले कधी? गोळी सुरू झाली तेव्हा, मुंग्या येऊ लागल्या तेव्हा, की ब-१२ ची तपासणी हाती आली तेव्हा? ‘श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस’ या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, हानी उघड नसेल तर ती कळली, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती, तेव्हापासून मुदत मोजावी. तरीही त्या खटल्यात तक्रारदार असलेल्या गोव्यातील परिचारिकेची तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे त्रास होत असताना तिने चौकशी करायला हवी होती, असे न्यायालयाला वाटले. ज्याला त्रासाचे कारण रोग आहे असेच सांगण्यात आले, त्याने कोणती दक्षता दाखवायची, याचे समाधानकारक उत्तर या निवाड्यात सापडत नाही.

काही बाबतींत मात्र नवा कायदा कोकणाला अनुकूल आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते, त्यामुळे चाकरमानी मुलाने मुंबईत विकत घेऊन गावी पाठवलेल्या गोळ्यांबाबतही रत्नागिरीतच दाद मागता येते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो. औषधासाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि समान तक्रार असलेले अनेक रुग्ण परवानगीने एकत्र येऊ शकतात. औषधाच्या दर्जाचाच संशय असेल, तर १९४० च्या अधिनियमाखाली खरेदीदार शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून ते तपासून घेऊ शकतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावल्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध नियंत्रणाची जी दुरवस्था उघड केली, ती पाहता हा अधिकार दुर्लक्षित राहणे विशेष खटकते.

जिल्हा रुग्णालयातून मोफत गोळ्या नेणारा रुग्ण यातून वगळला जातो. ‘शांता’ निवाड्याने १९९५ मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले, पण जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते ती रुग्णालये बाहेर ठेवली आणि नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही असेही म्हटले. अशा रुग्णाला दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका हे मार्ग उरतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचमुळे त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. दरम्यान औषधाच्या अपायाची नोंद करण्यासाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्या नोंदीने भरपाई मिळत नाही. पण पुढे एखाद्या खटल्यात कंपनी ‘हा धोका ठाऊकच नव्हता’ असे म्हणेल, तेव्हा तिला उत्तर देणारा कागद अशाच नोंदींतून तयार होतो.