बिल शे का?

पारोळा तालुक्यात एक कापूस पिकवणारे शेतकरी होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. मे महिना लागला की गावात चोरबीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं यायची. तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, निंदणीचा खर्च वाचतो, म्हणून लोक ती घेत. या बियाण्याला सरकारची परवानगी नाही, त्यामुळे पावतीही नाही. आप्पा विकणाऱ्याला एकच विचारत, "बिल शे का?" (बिल आहे का?) आणि घरात जात. त्यांचं बियाणं कृषी केंद्रातलं. पावती, रिकामी पिशवी, तिचा टॅग आणि चिमूटभर दाणे ते वेचणी संपेपर्यंत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत. बियाणं उगवलंच नाही तर तक्रारीला हातात पुरावा हवा.

मुलाचा धुळ्यात फोटो स्टुडिओ. अल्बमच्या सॉफ्टवेअरला दरमहा पैसे पडत. धंदा नवा, हात आखडता; त्याची अडचण खरी होती. त्याने इंटरनेटवरून त्याचं फुकटचं क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, उतरवलं. सोबत सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. शेताच्या राखणदाराला आपणच घरी धाडावं, तसं झालं.

सकाळी एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि फोल्डरागणिक एकच चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. बॅकअपची हार्ड डिस्क रात्रभर जोडलेलीच होती, तीही गेली. 'स्टॉप' नावाचं हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, २०१८पासून अशाच क्रॅकमधून जगभर पसरलं आहे.

आप्पा आले. कॉम्प्युटरमधलं त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "ज्या कंपनीचं आहे, तिला विचार ना."

"कोणत्या तोंडाने विचारू, आप्पा?"

आप्पांनी हळूच विचारलं, "बिल शे का?"

मुलाने मान खाली घातली. खंडणी मात्र त्याने दिली नाही. सायबर पोलिसांकडे गेला, स्वतःची चूकही सांगितली. गिऱ्हाइकांचे पैसे परत केले.

त्या फोटोंत जळगावच्या एका घरचं लग्न होतं. त्या माणसांनी ठरलेली रक्कम आगाऊ मोजली होती, त्यांचा काहीच दोष नव्हता. नवरीचा अल्बम शेवटी पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंवर झाला. सप्तपदीचा त्यात एकही फोटो नाही.